पिंपळगल्लीचं विरजण

यंत्र बिघडलं असावं, असंच डॉ. शर्वाणी तोरसकरांना आधी वाटलं. स्वतःचं काही चुकलं असेल, ही शंका त्यांच्या मनात सहसा दुसऱ्या क्रमांकावर येई.

पडद्यावर ठिपके होते. प्रत्येक ठिपका म्हणजे एक माणूस, म्हणजे त्याच्या पोटात आणि कातडीवर नांदणाऱ्या अब्जावधी सूक्ष्मजीवांची वसाहत. ज्यांच्या वसाहती फार जुळतात, त्यांच्याभोवती हे वसाहतमापक यंत्र एक वर्तुळ काढतं आणि खाली लिहितं, ‘एकच घर’. शर्वाणीबाईंनी गेली आठ-नऊ वर्षं चूल एकटीची ठेवली होती, लग्न केलं नव्हतं, आणि हे दीडशहाणं यंत्र त्यांना बारा माणसांच्या घरात घालत होतं.

“नमुन्यांची सरमिसळ झाली असेल. पुन्हा लाव,” त्या म्हणाल्या.

“दोनदा लावला, मॅडम.” रईस पिंजारी पारोळ्याचा, त्यांच्या हाताखाली शिकून त्यांच्याच शेजारच्या टेबलावर बसलेला. “ही बारा माणसं आपल्या नेहमीच्या पाहणीतली आहेत. पिंपळगल्लीची. तुमच्याच गल्लीची.”

शर्वाणीबाई मट्कन खुर्चीत बसल्या. प्रश्न शास्त्राचा असता तर त्यांनी चहा मागवून मजेत सोडवला असता. पण आज प्रश्न त्यांच्या घरी जाण्याचा होता.

त्यांचं गाव खाजणवाडी. समुद्र वर चढत गेला आणि ते मालवणी गाव माडांसकट पाण्याखाली गेलं. काही माणसं किनाऱ्यापासून दूर, खोल समुद्रात उभारलेल्या सागरपीठ नावाच्या तरंगत्या नगरात गेली. त्यांचा धाकटा भाऊ गुरुनाथ त्यांतलाच. तेव्हा तिथे जागा कमी होती. ‘मी नोकरीवाली, मी थांबते,’ असं म्हणून शर्वाणीबाई खानदेशातल्या या संस्थेत आल्या आणि सागरपीठात जागा होण्याची वाट पाहू लागल्या. वाट पाहता पाहता आठ-नऊ वर्षं गेली. गेल्या आठवड्यात जागा झाल्याचा निरोप आला, आणि पन्नाशीच्या त्या बाई प्रयोगशाळेत चक्क गुणगुणताना सापडल्या. उरली होती फक्त वसाहतीची तपासणी.

“घर फोडायचं नाही, हा नियम आहे,” रईस चाचरत म्हणाला.

“मला सांगतोस? तो नियम माझ्याच अहवालावरून झाला.”

तेही खरंच होतं. सागरपीठाच्या पहिल्या तुकडीत काही माणसं घरच्यांना मागे ठेवून गेली आणि महिन्याभरात अंथरुणाला खिळली. पोटातली वसाहत ही कायमची ठेव नसते. रोज तिच्यातले काही जीव मरतात, काही नव्याने येतात, आणि ते येतात आपण ज्यांच्यात खातो-पितो-वावरतो त्यांच्याकडून. तो पुरवठा एकाएकी तोडला की शरीर कोलमडतं. म्हणून शर्वाणीबाईंनीच सुचवलं होतं, की घर म्हणजे कोण हे कागदावरून ठरवू नका, वसाहतीवरून ठरवा. आणि नेलं तर सगळं घर न्या, नाहीतर कुणालाच नेऊ नका. आपल्याच हाताने खणलेल्या खड्ड्यात माणूस असा पडतो.

“पण हे झालं कसं?” त्या करवादल्या. “मी माझं रांधते, माझं खाते. भात, सुकट, सोलकढी. तिथल्या भाकरीला हात लावत नाही.”

“बिबड्यांना लावता,” रईस म्हणाला.

उन्हाळ्यात पिंपळगल्लीत ज्वारीचे बिबडे, म्हणजे वाळवणाचे पापड, होतात. एक दिवस एका घरचे, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घरचे, आणि प्रत्येक घरी गल्लीतल्या सगळ्या बायका. न गेलेल्या बाईची वर्षभर चर्चा होते. पहिल्या उन्हाळ्यात शर्वाणीबाई दार लावून बसल्या तर समोरच्या कौतिकबाईंनी दार वाजवून वाजवून त्यांना बाहेर काढलं. आंबवलेलं पीठ शिजताना त्यातले जीव मरतात हे खरं. पण मग ते परातीत निवतं, त्याच्यात डझनभर ओले हात जातात, हात बुडवायचं पाणी एकच असतं, आणि मीठ बरोबर पडलं का हे प्रत्येक बाई त्याच बोटांनी चाखून पाहते. एरवीही कौतिकबाई रोज काहीतरी वाटीतून आणून द्यायच्या, आणि कोकणातल्या बाईला रिकामी वाटी परत पाठवायची लाज वाटे.

“बरं, माझी वसाहत खानदेशी झाली, मान्य,” त्या म्हणाल्या. “पण मूळ खुणा कुठे जातील? खाजणवाडीचे जुने नमुने शीतपेटीत आहेत. गाव बुडायच्या आधी मीच घेतले होते. त्यांच्याशी मी किती जुळते ते काढ. जवळची निघाले तर अपवाद मागता येईल. सोबत आजच्या सागरपीठाचे नमुनेही लाव, म्हणजे त्यांनाही दिसू दे की मी त्यांचीच आहे.”

रईसने नमुने लावले. यंत्र बराच वेळ घरघरलं. मग चित्र उमटलं.

सागरपीठाचे ठिपके पडद्याच्या पार एका कोपऱ्यात, एकमेकांना चिकटून बसले होते. खाजणवाडीचे त्यांच्यापासून लांब, दुसऱ्या टोकाला. आणि खाजणवाडीच्या अगदी लगत, जवळजवळ मांडीला मांडी लावून, होती पिंपळगल्ली.

“हे उलटं कसं?” रईस म्हणाला. “खाजणवाडीची माणसं तर सागरपीठावर आहेत.”

“माणसं आहेत,” शर्वाणीबाई हळू आवाजात म्हणाल्या. “त्यांचं जेवण कारखान्यातून येतं. बंद पाकिटात, निर्जंतुक. पाणी गाळलेलं, हवा गाळलेली. शेजारणीकडून काही मागायची सोयच नाही. नवे जीव येणार कुठून? जुने सगळे मेले.”

“मग ते गल्लीत कसे आले?”

हे मात्र शर्वाणीबाईंना लगेच उमगलं. गाव सोडताना आईच्या दह्याचं विरजण त्यांनी बाटलीत घालून आणलं होतं. ते त्यांनी रोज लावून जिवंत ठेवलं, देवघरातल्या समईइतकं जपलं. मग एका कडक उन्हाळ्यात गल्लीतलं सगळं दही नासलं आणि कौतिकबाई वाटी घेऊन दारात उभ्या राहिल्या. विरजणाला कुणी नाही म्हणतं? ते कौतिकबाईंकडून इंदूबाईंकडे गेलं, तिथून पुढच्या घरी. आज अख्खी गल्ली त्यांच्या आईचं दही खात होती. आपण तिकडचं घेतलं तेवढंच त्यांनी मोजलं होतं. आपणही दिलं, हे त्या शास्त्रज्ञ बाईंच्या हिशेबात कधी आलंच नव्हतं.

त्या उठल्या आणि रजा न टाकता घरी निघाल्या.

गल्लीत इंदूबाईंच्या ओट्यावर परात मांडलेली होती. सागरपीठाचा निरोप आल्यापासून शर्वाणीबाई इकडे फिरकल्या नव्हत्या. जायचंच आहे तर माया कशाला वाढवा, असा त्यांचा विचार.

“काय वं डाक्टरीनबाई, कोठे दडी बठनी व्हती?” कौतिकबाई कडाडल्या. “जाई राहिनी म्हने तू. जाय बापा. पन आमले सांगं बी नही?”

शर्वाणीबाई काही सांगणार तोच फोन वाजला. गुरुनाथ.

“गो बाय, कधी येतंस? सगळा नक्की झाला मा?” त्याचा आवाज ओढलेला होता. “लवकर ये. माझा पोट म्हयनोभर बरा नाय. हय सगळ्यांचाच तसा. आणि दही खावचा म्हटला तर हय दही लागनाच नाय गो. आवशीच्या दह्याची याद येता.”

समुद्र, भाऊ, आपली बोली, सगळं त्या एका आवाजात होतं, आणि शर्वाणीबाईंना रडू फुटलं. इतकी वर्षं ज्याची आस धरली ते त्यांनी त्याच ओट्यावर, परातीशेजारी उभं राहून सोडून दिलं. त्याचं दुःख झालं, आणि त्याहून मोठं असं काहीतरी हलकंही वाटलं.

“गुरू, मी येत नाय,” त्या म्हणाल्या. “तू ये. आवशीचा दही हय आसा. सगळ्या घरांत आसा. तुझा पोट हयच बरा होतला.”

“माका थंय कोण घेतलो गो? आपला थंय कोण आसा?”

कौतिकबाईंना मालवणीतलं ओ की ठो कळलं नव्हतं. पण रडणाऱ्या बाईच्या हातातला फोन पलीकडच्या माणसाला काहीतरी सुनावण्यासाठी असतो, एवढं त्यांना पुरेसं होतं. त्यांनी पिठाच्या हाताने तो ओढून घेतला.

“कोन, भाऊ का? बिगीन ये रे भाऊ! तुनी बहीनले आम्ही धाडत नही. आजून तीन घरना बिबडा बाकी शेतस!”

फोन परत मिळाला तेव्हा त्याला पीठ लागलेलं होतं.

“बाय,” गुरुनाथ गोंधळून म्हणाला, “ही कोण बोलली? कोणाच्या घरात आसस तू?”

शर्वाणीबाईंनी पदराने डोळे पुसले आणि परातीजवळ बसकण मारली. इंदूबाईंनी थोडं सरकून त्यांना जागा केली.

“माझ्या,” त्या म्हणाल्या.