चावणारी पेटी

"हात मागे," रुपालीमावशी म्हणाली. "मोठ्या पेटीचं झाकण उघडायला हरकत नाही. पण तिच्या आतली ही छोटी पेटी कधी उघडायची नाही. तारा काढल्या तरी हिच्या पोटात वीज बराच वेळ साठून राहते."

चैतालीने हात इतक्या झटकन मागे घेतला की केदारला हसू फुटलं. हसायला त्याचं काय जात होतं? तो खिडकीत बसून मंडईतून आणलेली करवंदं खात होता. चैतालीला मात्र विजेची खरोखरच भीती वाटायची. बारा वर्षांची झाली तरी घरी मिक्सरचं बटण दाबताना ती डोळे मिटून घ्यायची.

आणि तरीही ती इथे, बुधवार पेठेतल्या बोलक्या पुस्तकांच्या वाचनालयात, त्या जुन्या अवजड कॉम्प्युटरसमोर उभी होती. या वाचनालयात पुस्तकं वाचायची नसत, ऐकायची असत. सुट्टीत चैताली आणि केदार काचेच्या खोलीत बसून पुस्तकं मोठ्याने वाचत आणि हा कॉम्प्युटर त्यांचे आवाज साठवून ठेवी. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही अशी मुलं मग ती पुस्तकं ऐकून अभ्यास करत. त्यांच्यातलाच एक सलिल. तो या दोघांचा पक्का दोस्त होता आणि जूनमध्ये दहावीत जाणार होता. त्याचं इतिहासाचं पुस्तक अर्धं वाचून झालं असताना कॉम्प्युटरने एकाएकी मान टाकली. बटण दाबलं तरी दिवा लागेना, पंखा फिरेना.

रुपालीमावशी खराडीच्या एका कंपनीत कॉम्प्युटरचीच देखभाल करायची. तिने पाहिलं आणि सांगितलं की बाकी सगळं धडधाकट आहे. भिंतीतली वीज घेऊन ती कॉम्प्युटरला झेपेल अशी करून देणारा जो भाग असतो, तो पॉवर सप्लाय जळला आहे. तपकीर गल्लीतल्या विजेच्या दुकानांत मिळणारे नवे सप्लाय या जुन्या पेटीत बसेनात. कुठे भोकं जुळेनात, तर कुठे तारांची टोकं. शेवटी मावशीच्या कंपनीत भंगारात निघालेला अगदी तसाच एक कॉम्प्युटर सापडला. साहेबांना विचारून, नीट तपासून तिने त्यातला सप्लाय आणला होता.

तारा जोडून झाल्या तेवढ्यात मावशीला कामावरून तातडीचं बोलावणं आलं. सप्लायचे चार स्क्रू पिळून झाकण लावायचं तेवढं बाकी होतं. "ते तू कर," तिने चैतालीला सांगितलं. "एकही तार झाकणाखाली चेंगरू देऊ नकोस. आणि माझी हत्यारांची पिशवी सांभाळ." ती स्कूटर काढून निघूनही गेली.

चैतालीने श्वास रोखून स्क्रू पिळले आणि झाकण सरकवलं. केदारने प्लग लावून भिंतीवरचं बटण दाबलं. सलिल कान देऊन बसला होता. चैतालीने कॉम्प्युटरचं बटण दाबलं. आत पंखा घरघरला आणि पुढचा हिरवा दिवा लागला.

"चालू झाला," सलिल म्हणाला. आनंदाने चैतालीने पेटीवर थाप मारली.

पुढच्याच क्षणी ती भिंतीला जाऊन आदळली. तळहातापासून खांद्यापर्यंत कुणीतरी तापलेली सळई ओढावी तसा सणका गेला होता. दातांवर दात आपटले होते. केदारने धावत जाऊन भिंतीवरचं बटण बंद केलं. करवंदं जमिनीवर पसरली.

हात जागेवर आहे की नाही, हे चैतालीने दुसऱ्या हाताने चाचपून पाहिलं. आणि मग तिला सणक्यापेक्षाही मोठी भीती वाटली. आपल्याच हातून झालं हे. एखादी तार आपणच झाकणाखाली चेंगरली असणार. आता मावशीला काय सांगायचं? आणि आपल्याऐवजी सलिलने पेटीला हात लावला असता तर?

"मला घरी जायचंय," ती कशीबशी म्हणाली.

सलिल मात्र कपाळाला आठ्या घालून बसला होता. त्याने विचारलं, "कसा होता तो झटका? आधी मुंग्या आल्यासारखं आणि मग कुणी चावल्यासारखं?"

"तुला कसं कळलं?"

"कारण अंगणातल्या कूलरचं पाणी चावतं," सलिल म्हणाला. "अंगणात त्या नव्या लाद्या बसवल्या ना, तेव्हापासून. प्यायला गेलं आणि नळाला ओला हात लागला की बोटांत मुंग्या येतात. काल तर जास्तच आल्या. मी यज्ञेश्वरकाकांना सांगितलं होतं."

यज्ञेश्वरकाका वाचनालयाचे व्यवस्थापक. ते यावर हसले होते. पाणी थंड असतं तेव्हा हात शिवशिवतात, त्याला चावणं म्हणत नाहीत, मराठीच्या बाईंना विचार, असं त्यांनी सांगितलं होतं.

केदारचं हसू आता मावळलं होतं. त्याने मावशीला फोन लावला. ती उचलेना, गाडी चालवत असणार. चैतालीने पिशवीतून टेस्टर काढला. पारदर्शक दांड्याचा हा छोटा स्क्रूड्रायव्हर वीज उतरलेल्या वस्तूला टेकवला की आतला दिवा पेटतो, हे मावशीने सकाळीच दाखवलं होतं. पायात रबरी चपला आहेत ना, हे तिने दोनदा पाहिलं. मग टेस्टरच्या मागच्या टोकावर बोट ठेवून तिने त्याचं पुढचं टोक पेटीला टेकवलं.

टेस्टरमध्ये तांबडा दिवा लागला.

"अरे, भिंतीवरचं बटण बंद कर ना आधी," ती ओरडली.

"बंदच आहे," केदार म्हणाला. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता.

केदारने प्लगचं प्लॅस्टिक धरून तो ओढून काढला. चैतालीने पुन्हा टेस्टर टेकवला. आता दिवा लागला नाही. प्लग लावला, बटण बंदच ठेवलं, तरी दिवा लागला.

"म्हणजे आपल्या पेटीत बिघाड नाही," केदार हळूहळू म्हणाला. "वीज भिंतीतून येतेय. आणि बटण बंद असताना येतेय, म्हणजे ती या वरच्या जाड पिनेतून येतेय. अर्थिंगच्या." चुकार वीज जमिनीत सोडून द्यायला ती पिन असते आणि भिंतीवरचं बटण तिला तोडत नाही, हे ते शाळेत शिकले होते. जिथून वीज बाहेर जायची, तिथूनच ती आत येत होती.

फोन वाजला. मावशीने सगळं ऐकून घेतलं. तिचा आवाज एकदम बदलला. "कुणी कशालाही हात लावू नका," ती म्हणाली. "सगळ्या इमारतीची अर्थिंगची तार एकच असते. तुमच्या पेटीत आलेली वीज त्या तारेला जोडलेल्या प्रत्येक लोखंडी वस्तूत आली असणार. तिथे आणखी काय काय आहे?"

"कूलर," सलिल म्हणाला.

त्याच वेळी बाहेर बसचा हॉर्न वाजला. आज वाचनालयाचा वर्धापनदिन होता. अंध मुलांच्या वसतिगृहातली मुलं आली होती. मे महिन्याची दुपार होती आणि ती सगळी स्वारगेटच्या बाजूने, तापलेल्या बसमधून आली होती. उतरल्या उतरल्या ती कुठे जाणार, हे कुणी सांगायला नको होतं.

"मोठ्या माणसांना सांगा आणि मेन स्विच बंद करायला लावा," मावशी म्हणत होती. "तो लोखंडी पेटीतला असेल तर तिलाही हात लावायचा नाही. सुकं लाकूड वापरायचं. मी येतेच आहे."

तिघं अंगणात धावली. यज्ञेश्वरकाका माईक तपासत होते. चैतालीने धापा टाकत सांगायला सुरुवात केली, पण भीतीने तिची वाक्यं तुटत होती. कूलर, पिन, पेटी, तांबडा दिवा असं काहीतरी काकांच्या कानी पडलं.

"विजेचा शोध लावताय का?" काकांनी शांतपणे विचारलं. "तो लागलाय आधीच. आपण जरा पलीकडे खेळा. पाहुणे यायची वेळ झाली आहे."

"काका, मेन स्विच बंद करा. नाहीतर कुणीतरी मरेल," चैताली म्हणाली.

"भर कार्यक्रमात अंधार करू? वा." काकांनी पाठ फिरवली आणि माईकमध्ये फुंकर मारली.

एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून मुलांची रांग फाटकातून आत येत होती. पुढच्या मुलीने तर पाण्याची बाटली काढूनही ठेवली होती. कूलरचा प्लग त्याच्या मागे, पत्र्याला लागूनच होता. तो काढायला जावं तर आपणच चिकटणार.

केदारला काय सुचलं कुणास ठाऊक. तो कूलरसमोर हात पसरून उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "कूलरमध्ये पाल पडलीय. मेलेली. फुगलेली. शेपटी नळातून बाहेर यायच्या बेतात आहे."

रांग जागच्या जागी थांबली. मुलांनी ईऽऽ केलं. पण मागून वसतिगृहाच्या ललिताबाई येताना दिसत होत्या. पाल किती वेळ पुरणार?

"मेन स्विच जिन्याखाली आहे," सलिल चैतालीच्या कानाशी म्हणाला. "चल, मला वाट पाठ आहे."

जिन्याखालची ती कोंदट जागा चैतालीने आजवर कधी डोकावूनही पाहिली नव्हती. आत मिट्ट काळोख होता. मोबाईलच्या उजेडात तिला दिसलं की लाकडी फळीवर मीटर आहे आणि त्याच्या शेजारी लोखंडी पेटी. तिच्या कडेला खाली ओढायचा लोखंडी दांडा. पेटीला एक उघडी जाड तार जोडलेली होती. तीच ती अर्थिंगची तार. पेटी हळू गुणगुणत होती. निदान तिला तरी तसं वाटलं.

"काठी हवी," ती म्हणाली. सलिलने आपली पांढरी काठी पुढे केली. तिने ती जवळजवळ घेतलीच होती, तेवढ्यात मोबाईलचा उजेड काठीवर चमकला. काठी ॲल्युमिनियमची होती.

चैतालीच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिने काठी मागे ढकलली. सगळं सोडून उजेडात पळून जावं असं तिला वाटलं आणि नंतरही तिने ते कधी नाकबूल केलं नाही. अंगणातून केदारचा आवाज येत होता. आता त्याने पालीला पिल्लंही झाल्याचं सांगायला घेतलं होतं आणि ललिताबाई त्याला बाजूला व्हायला सांगत होत्या.

कोपऱ्यात जाळी काढायचा झाडू उभा होता. त्याचा बांबू वाळून खडखडीत झाला होता. चैतालीने तो उलटा धरला. "तू लांब थांब," तिने सलिलला बजावलं. "आणि मला काही झालं तर मला हात लावू नकोस. नुसता ओरड." सलिलने मान हलवली. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

बांबूचं टोक पहिल्यांदा दांड्यावरून घसरलं. दुसऱ्यांदा पत्र्यावर आपटलं आणि ती किंचाळली. तिसऱ्यांदा तिने डोळे मिटले नाहीत. बांबू दांड्यावर टेकवून सगळ्या अंगाचा भार टाकला. खाडकन आवाज झाला आणि अंगणातला माईक मधल्या शब्दावर गप्प झाला.

मग काका आले. त्यांचा चेहरा पाहून चैतालीला पुन्हा भीती वाटली, पण ती जिन्याखालून हलली नाही. बांबू आडवा धरून उभी राहिली. तिच्याऐवजी सलिलच बोलला. काय घडलं ते त्याने सुरुवातीपासून, एकेक करून सांगितलं. ललिताबाईही मागोमाग आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "यज्ञेश्वरराव, सलिल वाट्टेल ते बोलत नाही. पाहायला काय हरकत आहे?"

"पाहा," चैताली म्हणाली, "पण आधी सगळ्या मुलांना फाटकाबाहेर न्या. मग मेन चालू करा. हात लावायचा नाही, बांबूनेच. आणि हा टेस्टर घ्या."

मुलं बाहेर गेली. ललिताबाईंनी बांबूने दांडा वर ढकलला. काका सावकाश कूलरपाशी गेले आणि त्यांनी नळाला टेस्टर टेकवला. भर दुपारच्या उन्हातही आतला तांबडा दिवा लांबून दिसला. काका अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "बंद करा. बंद करा ते."

मावशी आली ती दत्तप्रसाद नावाच्या वायरमनला घेऊनच. त्याने अंगणाच्या कोपऱ्यातल्या दोन लाद्या उचकटल्या, तेव्हा खाली जाड तारेचं कापलेलं टोक निघालं. लाद्या बसवणाऱ्या ठेकेदाराला, संजयला, फोन केला. खणताना तार मध्ये येत होती म्हणून तोडली आणि वर लादी टाकली, दिवे तर चालूच होते, असं त्याने बिनदिक्कत सांगितलं. त्यावर फोनवर ललिताबाई त्याला जे बोलल्या, ते ऐकून केदार खूश झाला. इकडे कूलरच्या मोटरची एक तार घासून उघडी पडली होती आणि पत्र्याला टेकली होती. त्या विजेची जमिनीत जायची वाटच बंद, म्हणून ती इमारतभर हिंडत होती.

चैतालीला मात्र एकच विचारायचं होतं. तिने मावशीला आत नेलं आणि पेटीचं झाकण काढायला लावलं. मावशीने बॅटरी मारून एकेक तार पाहिली. "एकही चेंगरलेली नाही," ती म्हणाली. "तू अगदी नीट बसवलं आहेस."

तेव्हा कुठे चैतालीला रडू आलं. मावशीने तिला जवळ घेतलं. पुन्हा असं मोठ्या माणसाशिवाय करायचं नाही, असं ती रागावून म्हणाली आणि लगेच तिने चैतालीच्या कपाळाचा मुका घेतला.

कार्यक्रम माईकशिवायच झाला. ललिताबाईंनी सगळ्यांसमोर तिघांची नावं घेतली आणि आज आपली सगळी मुलं धडधाकट परत जाताहेत ती यांच्यामुळे, असं सांगितलं. टाळ्या संपल्यावर यज्ञेश्वरकाका उठले. आधी ते सलिलकडे गेले आणि त्याचा हात हातात घेऊन म्हणाले, "तू सांगितलंस आणि मी हसलो. चुकलं माझं." मग ते चैतालीकडे वळले. "चैतालीबाई, माझ्या कार्यक्रमात आपण अंधार केलात. आभारी आहे."

दोन दिवसांनी नवी तार जमिनीत गेली. गळती होताच वीज तोडणारा नवा स्विचही जिन्याखाली बसला. दत्तप्रसादने सगळं तपासून दिलं, काकांनी स्वतःच्या हाताने पुन्हा तपासलं आणि तिघं कॉम्प्युटरसमोर जमली.

"घाबरली आहेस?" सलिलने विचारलं.

"हो," चैताली म्हणाली आणि तिने बटण दाबलं.