बोल

दुधाचा कप भिंतीवर आदळला आणि त्याचे तुकडे तुकडे झाले!

तिच्या हातांवर, कपड्यांवर, नुकत्याच बदललेल्या चादरीवर दूध उडालं, आणि पलंगावरून सासऱ्यांचे दोन डोळे तिच्याकडे असे रोखून पाहू लागले, की जणू कप त्यांनी नव्हे, तिनंच भिरकावला होता. उजवं अंग लुळं पडलेलं, वाचा गेलेली. सहा महिन्यांपूर्वीच्या पक्षाघाताच्या झटक्यानं त्यांच्यापाशी ठेवला होता तो एक डावा हात, आणि त्या हातात उरला होता नुसता संताप!

ती खाली बसून तुकडे वेचू लागली. या घरात अकरा वर्षं ती हेच करत आली होती...

सासरे सुतार होते, आणि तेही असे, की त्यांनी बसवलेल्या दाराला पुन्हा कधी रंधा लावावा लागू नये. मुलगा त्यांच्याच हाताखाली तयार झाला. अकरा वर्षांपूर्वी एका गोदामाच्या छपरावर काम करताना तो खाली कोसळला आणि दुसऱ्या दिवशी इस्पितळात त्यानं प्राण सोडला. अंगात सणकून ताप होता त्याच्या. असा ताप असताना तो वर चढलाच कसा, असं जो तो विचारू लागला, तेव्हा सासऱ्यांनी भरल्या घरात तिच्याकडे बोट दाखवलं.

"हिनं पाठवला! कामावर जाता जाता बजावून गेली, घरात लोळू नका म्हणून. माझा मुलगा हिनं खाल्ला!"

तिनं मान खाली घातली. लोकांना तीच कबुली वाटली. त्या दिवसापासून सासरे तिच्याशी एक अक्षर बोलले नाहीत. ताट सरकवलं की जेवत, दार उघडलं की आत येत, पण तिच्याकडे पाहत ते भिंतीकडे पाहावं तसं.

खरं काय ते तिला ठाऊक होतं. श्वास तुटत असताना नवऱ्यानंच सांगितलं होतं, "मी नको म्हणत होतो गं... बाबा म्हणाले, शब्द दिलाय, एवढ्याशा तापानं काय होतंय... त्यांना कधी बोल लावू नकोस. ते मोडून पडतील. त्यांना एकटं टाकू नकोस..." आणि तिनं होकारार्थी मान हलवली होती. त्या एका होकारात तिचं उरलेलं सगळं तारुण्य गेलं!

इस्पितळाच्या तळघरात धुलाईखातं होतं, तिथं ती कामाला होती. दिवसभर परक्यांच्या चादरी, घरी आलं की सासऱ्यांच्या. वाफेनं हात सोलवटलेले, आणि मन त्याहून. वचन तिनं पाळलं होतं खरं, पण त्या वचनाच्या आत द्वेष असा साचला होता, की कधी कधी सासऱ्यांचं तोंड पुसताना तिला आपल्याच बोटांची भीती वाटे.

तिच्याबरोबर घड्या घालायला एक म्हातारी बाई असे. सगळे तिला मावशी म्हणत. दोन तरणीताठी मुलं घालवून बसलेली ही बाई कामावर गुणगुणत कशी राहते, हे कुणालाच उमगत नसे.

"चादरीला तोंड असतं ना, तर तुझी वरपर्यंत तक्रार गेली असती बघ," मावशी एकदा म्हणाली. "केवढ्यानं आपटतेस! तिनं काय घोडं मारलंय तुझं?"

"मावशी, तुम्हाला हसू तरी कसं येतं हो?"

मावशीनं चादरीचं एक टोक तिच्या हातात दिलं. "माझी पोरं गेली तेव्हा मी देवाला पुष्कळ शिव्या घातल्या. मग थकले. यावर उद्या कोण झोपणार, मला ठाऊक नाही. चोर असेल, साव असेल. घडी घालताना मी एवढंच म्हणते, जो कुणी असशील, तुला जरा बरं वाटू दे. माझी पूजा म्हण, प्रार्थना म्हण, ती एवढीच. काम तेच गं... पण संध्याकाळी घरी जाताना मी रिकामी जात नाही."

तिला ते पटलं नाही. तरी फुटलेल्या कपाच्या दुसऱ्या दिवशी, सासऱ्यांचं अंग पुसताना, तिनं दात-ओठ खात ते शब्द मनात म्हणून पाहिले. तुला जरा बरं वाटू दे... शब्द घशात काट्यासारखे अडकले. चौथ्या दिवशीही अडकले. पण ती म्हणत राहिली, औषध घ्यावं तशी.

आणि एका सकाळी, खिडकीतून ऊन पलंगावर आलेलं असताना, तिला सासऱ्यांच्या पाठीवर डाव्या खांद्याखाली एक तीळ दिसला. नवऱ्याला होता अगदी तसाच, अगदी तिथंच! सहा महिने ती ही पाठ पुसत होती. पाहिली मात्र आज. तिचा हात थबकला. आपण ज्याचा द्वेष करतो त्या देहातूनच आपलं सारं सुख जन्माला आलं होतं, हे तिला एकाएकी कळलं, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा ती त्या खोलीत हसली... डोळ्यांतून पाणी वाहत असताना हसली! सासरे मान वळवून तिच्याकडे पाहतच राहिले.

त्यानंतर त्यांनी कप फेकला नाही. तिच्या कामात तसूभर फरक पडला नव्हता. तीच दुर्गंधी, तोच कंबरडं मोडणारा भार. पण धुतलेला टॉवेल दोरीवर टाकताना तिचं मन भरून येई, उगाचच. सासरे मात्र दिवसेंदिवस खंगत चालले होते. ती जवळ आली की ओठ हलवत. शब्द फुटत नसे, घामानं डबडबत.

अशातच एका रविवारी दुपारी नणंद आली. परगावी दिलेली ही एकुलती एक मुलगी वर्षातून एकदा यायची, वहिनीच्या हातचं पाणीसुद्धा न घेता जायची. तिनं बापाला कुशीवर वळवलं आणि किंचाळली. कमरेवर रुपयाएवढी जखम झाली होती.

"सडवतेस त्यांना? सडवतेस?"

"दर दोन तासांनी कूस बदलते हो... कामावर असते तेव्हा शेजारच्या आजी येतात... तरीही..."

"खोटं बोलू नकोस! माझा भाऊ खाल्लास, आता बापही खा! नीघ या घरातून!"

"न... न..."

दोघी दचकून वळल्या. सासऱ्यांचा चेहरा काळानिळा पडला होता. डावा हात छातीवर आपटत होता.

"मी... मी प... पाठ... पाठवला... मी!"

त्यांचा डावा हात सुनेकडे वळला.

"ही... नाही. मी... खोटं..."

नणंद मटकन खाली बसली. सासरे सुनेकडे पाहत होते, शिक्षा ऐकायला उभ्या असलेल्या माणसासारखे. ती पुढं झाली, त्यांच्या तोंडातून गळणारी लाळ तिनं पुसली.

"मला ठाऊक होतं, बाबा. त्यांनी जाताना सांगितलं होतं मला."

"ठा... ठाऊक?"

"पहिल्या दिवसापासून."

त्या म्हाताऱ्याच्या कंठातून जो हंबरडा फुटला, तो ऐकवत नव्हता! आणि तिला वाटलं होतं की सारं विझलंय. पण कबुलीनंतरचा तो हंबरडा कानांवर पडताच आतून आगीचा लोळ उसळला. अकरा वर्षं! ती उठून मोरीपाशी गेली, नळ सोडून दोन्ही हात पाण्याखाली धरून कितीतरी वेळ उभी राहिली. मग नळ बंद करून परत आली. त्या चार पावलांइतकं अवघड काही तिनं आयुष्यात केलं नव्हतं.

सासऱ्यांचा डावा हात हवेत चाचपडत होता. तिनं तो धरला.

"वहिनी, मी तुम्हाला काय काय बोलले..." नणंदेनं तिच्या मांडीवर डोकं टाकलं. "एकदा तरी सांगायचंत!"

"कुणाला सांगू? तुला बाप एकच होता गं."

त्यानंतर सासरे एकोणीस दिवस जगले. नणंद राहिली. जखमेची पट्टी बदलायला शिकली, आधी ओकली, मग शिकली. सासरे रोज मोठ्या कष्टानं एखादा शब्द जुळवत. "बस." "जेव." एकदा, "दमलीस?" अकरा वर्षांत या घरात तिला कुणी दमलीस का म्हणून विचारलं नव्हतं... ती मान हलवून नाही म्हणाली, आणि त्या क्षणी ते खरंही होतं.

विसाव्या दिवशी सकाळी त्यांनी डोळे उघडले नाहीत.

न्यायला माणसं यायच्या आधी दोघींनी त्यांना शेवटची आंघोळ घालायचं ठरवलं. नणंदेनं बादली आणली, आणि पलंगाशी एकदम थांबली.

"वहिनी, पाणी फार कढत तर नाही ना झालं?"

तिनं कोपर बुडवून पाहिलं. "थोडं गार ओत."

नणंदेनं तांब्याभर गार पाणी ओतलं. तिनं पुन्हा कोपर बुडवलं.

"आता बरोबर आहे," ती म्हणाली, आणि दोघींनी मिळून त्यांना कुशीवर वळवलं, अगदी सावकाश, कुठं दुखू नये अशा बेतानं.