चन्नूच्या रक्तातलं सोनेरी पाणी

"घाबरता कशाला? वडलांचं रक्त घ्यायलोय, तुमचं न्हाई!"

चन्नबसम्मानं डोळे उघडले. सुई घेऊन एक पोरगा मिश्किल हसत होता... लिंगराज, शेतकऱ्याचा पोर, परभणीच्या त्या लॅबमध्ये नवाच लागलेला. वडलांची, चंद्रप्पांची, साखर तपासायला ती सोनपेठहून सोबत आली होती. त्यांच्या दंडाला सुई लागली आणि डोळे मिटले हिनं!

तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं हात पुढे केला. "माझंबी घ्या... काय झालंय ते कळू द्या एकदाचं."

येळवशीला, म्हणजे शेतात बसून सगळ्या भाज्यांची भज्जी खायच्या अमावस्येला, दरवर्षी चन्नूचे ओठ सुजत, श्वास कोंडे. गेल्या साली पाहुणे तिला बघायला म्हणून शेतातच जेवायला आले आणि तिचं तोंड बघून पानावरून उठले. 'काळ्या आईलाच ही पोर पसंत न्हाई,' असं गावभर झालं. तिची आई मल्लम्मा वांग्यावर घसरली. चन्नूला वांगं बंद. सूज काही बंद झाली नाही. यंदा तिला शेतात न्यायचंच नाही, असं ठरलं होतं.

तिच्या तोंडून हे ऐकताना लिंगराजचं हसू मावळलं. डॉक्टरांना विचारून त्यानं तिचं रक्त घेतलं, नळी यंत्रात घातली. यंत्र गरगरलं, थांबलं. नळीत खाली लाल साका आणि वर... ऊन उतरल्यासारखं नितळ, सोनेरी पाणी.

"हे... माझ्या आतलं हाय?" चन्नूचा आवाज दबला. देवघरात उभं राहावं तशी ती उभी होती.

"तुमचंच. बर्फात घालून मुंबईला धाडतो. तिथं एकेका भाजीशी लावून बघतेत. तुमी इसरलात तरी रक्त इसरत न्हाई."

ती नळीकडे बघत होती आणि तो तिच्याकडे. डोळे भिडले तशी दोघांनीही मान वळवली.

निकाल घेऊन तो स्वतःच एसटीनं सोनपेठला आला. "गाजर!"

"गाजर?" मल्लम्मा चकित. "ते तर बैलंबी खातेत की!"

"बैलांचं रक्त येगळं, मावशी."

चन्नू तोंडाला पदर लावून हसली. लय दिवसांनी हसली.

येळवशीला गाजर वगळून भज्जी झाली. श्वास कोंडलाच तर टोचायला डॉक्टरांनी दिलेलं इंजेक्शन पिशवीत घेऊन लिंगराज बांधावर बसला. चन्नूनं घास घेतला. सगळं शिवार जणू तिच्या ओठांकडे बघत होतं. ज्वारी सळसळली, ऊन चढलं... ओठ तसेच, श्वास मोकळा. ती वाकली, मूठभर माती कपाळाला लावली आणि रडू लागली.

"झालं की आता," तो हळूच म्हणाला. "फुडच्या येळवशीला माझं काय काम?"

चन्नूनं डोळे पुसले. वडील ऐकताहेत हे ठाऊक असूनही तिनं आवाज लहान केला नाही.

"फुडच्या येळवशीला तुमच्या शेतात भज्जी मी करणार हाय. तुमी फकस्त जेवायला बसा."