सव्वा वर्षाचा अनुभव

बाई सकाळी नऊला आल्या, तेव्हा चाळणीराव खिडकीपाशी बसून चष्मा पुसत होते. खोली झेरॉक्सच्या दुकानावर होती. खालचं मशीन सुरू झालं की जमीन बारीक थरथरायची.

चाळणीराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. बावीस वर्षं ते नोकरभरतीच्या कचेरीत अर्ज तपासत होते. खोटा दाखला त्यांच्या हातून सुटायचा नाही, म्हणून हे नाव पडलं. निवृत्त झाल्यावर ते खाजगी तपास करू लागले. सोबतीला त्यांचे साडू असत. साडूंना वेळ भरपूर होता आणि घरी बसवत नव्हतं.

"बसा. मुलाखत कधी आहे?" चाळणीरावांनी विचारलं.

बाई दचकल्या. "उद्या अकराला. तुम्हाला कसं कळलं?"

"फाइल कोरी करकरीत आहे. नखांच्या कडेचा निळा रंग मात्र जुना आहे."

"मला वाटलं, घराला रंग काढलाय," साडू म्हणाले.

बाई हसल्या नाहीत. त्या एका कापडगिरणीच्या रंगखात्यात मदतनीस होत्या. ती गिरणी महिनाअखेर बंद होणार होती. दुसऱ्या गिरणीत रंगतपासनीसाची एक जागा निघाली होती. वयाची अट पंचेचाळीस.

"पुढच्या महिन्यात मी ती ओलांडते," बाई म्हणाल्या. "ही संधी गेली तर माझा अर्ज कुणी उघडूनसुद्धा बघणार नाही. आणि काल हे आलं."

नव्या गिरणीने त्यांना एका निनावी पत्राची प्रत पाठवली होती. 'मुलाखतीस येताना खुलासा आणावा' असा शेरा होता. पत्र टाइप केलेलं होतं. चाळणीरावांनी ते मोठ्याने वाचलं.

"'रंगतपासनीस पदासाठी अर्ज केलेल्या बाईंनी चौदा महिने रंगखाते स्वतंत्रपणे सांभाळल्याचा केलेला दावा खोटा आहे. त्या काळात रंगमास्तर रोज हजर होते. एक हितचिंतक.'"

"हितचिंतक म्हणे! मेल्याने तोंड तरी दाखवावं," साडू म्हणाले.

चाळणीरावांनी अर्ज मागितला. त्यात लिहिलं होतं: 'सुमारे सव्वा वर्ष रंगखात्याचे काम स्वतंत्रपणे सांभाळले.' सोबतच्या दाखल्यातही तेच शब्द होते.

"हे खरं?"

"अगदी खरं."

"मग तेव्हा मास्तर कुठे होते?"

बाईंनी फाइलचं बटण उघडलं, पुन्हा लावलं. "होते की. म्हणजे, खातं त्यांच्याच नावावर होतं."

चाळणीरावांनी ते तिथेच सोडलं. "पाठवण्याआधी अर्ज कुणी पाहिला?"

"तिघांनी. माझ्या वहिनीने भाषा सुधारली. खात्यातल्या ठमीने मुलाखतीची तयारी करून घेतली. दाखला मीच लिहून नेला होता, त्यावर मास्तरांनी सही केली. ते आता निवृत्त झालेत."

"संध्याकाळी पाचला तिघांना इथे बोलवा. तोवर आम्ही भेटून येतो."

वहिनी शाळेत शिकवत होत्या. मधल्या सुट्टीत त्या वह्यांचा गठ्ठा सांभाळत वर्गाबाहेर आल्या.

"वन्संना ही नोकरी लागली तर रोज तासभराचा प्रवास," त्या म्हणाल्या. "सासूबाईंचं सगळं माझ्यावर येणार. आलं होतं मनात, खोटं कशाला बोलू? पण म्हणून पत्र नाही लिहिलं. उलट 'सव्वा वर्ष'च्या आधी 'सुमारे' मीच घालायला लावलं. नेमके महिने त्यांना आठवेनात. मुलाखतीत कुणी मोजायला बसलं तर?"

ठमी गिरणीच्या आवारात नळावर हात धूत होती. नाव ठमी असलं तरी चांगली उंचनिंच होती.

"मीपण अर्ज केला होता तिथे," तिने आपणहून सांगितलं. "मुलाखतीच्या यादीत माझं नावच नाही. आता ताईंना पाडून मला काय मिळणार, मनस्ताप?"

"तयारी कशी करून घेतलीत?"

"जेवणाच्या सुट्टीत मी साहेब व्हायचे. दरडावून विचारायचे, 'सव्वा वर्षात काय शिकलात?' पहिल्या दिवशी ताई खाली बघून बोलत होत्या. म्हटलं, साहेब काय टेबलाखाली बसलेत?"

साडू हसले. चाळणीरावांनी विचारलं, "तेव्हा मास्तर यायचे का कामावर?"

ठमीने नळ घट्ट बंद केला. "ते ताईंनाच विचारा," म्हणून ती आत गेली.

मास्तर तिसऱ्या मजल्यावर एकटेच राहत होते. भिंतीवर गिरणीने दिलेली पितळी ढाल होती. 'तीस वर्षे सेवा, एकही खाडा नाही.' शेजारी बायकोचा फोटो होता. औषधांच्या वेळा लिहिलेला पुठ्ठा अजून खिळ्याला होता.

"दाखला मीच दिला," मास्तर म्हणाले. "गुणी पोर आहे. नव्या गिरणीतून गेल्या आठवड्यात फोन आला होता, सही तुमचीच का म्हणून. हो म्हटलं."

"आणखी काही विचारलं?"

"विशेष नाही."

साडू फोटोपाशी उभे होते. "कधी गेल्या?"

"अर्धांगाचा झटका आला मार्चात. पुढच्या मेमध्ये गेली."

"घरात करायला कोण होतं?"

"दोघंच तर होतो. मीच करायचो सगळं."

जिना उतरताना साडू म्हणाले, "वहिनीच. चेहराच सांगतो."

"मागच्या वेळी चेहरा बघून तुम्ही पोस्टमनला चोर ठरवलं होतंत."

पाचला सगळे जमले. खुर्च्या कमी पडल्या, म्हणून साडू खिडकीत बसले. चाळणीरावांनी पत्र टेबलावर ठेवलं.

"अर्जात 'सव्वा वर्ष' आहे. दाखल्यात तेच. वहिनी तेच म्हणाल्या, ठमीही तेच म्हणाली. खुद्द बाईंना नेमके महिने आठवत नाहीत. मग या हितचिंतकाने चौदा कुठून आणले?"

"सव्वा वर्ष म्हणजे पंधरा महिने. खोटं पाडायला निघालेला माणूस अर्जातलाच आकडा उचलेल. याने आपल्याजवळचा लिहिला, कारण त्याला दुसरा आकडा सुचलाच नाही. आता दुसरी ओळ. 'मास्तर रोज हजर होते.' मास्तर नव्हते असं अर्जात कुठे आहे? ज्याच्यावर आरोपच नाही, त्याचा बचाव कोण करतं?"

"कोण?" साडूंनी विचारलं.

"मार्च ते पुढचा मे. मोजा."

साडूंनी बोटांवर मोजलं. चौदावर थांबून त्यांनी मास्तरांकडे पाहिलं.

"अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं एकट्याने करायचं, आणि कामावर एक खाडा नाही," चाळणीराव म्हणाले. "दोन्ही जमत नाही, मास्तर. ते महिने मोजलेत ते तुम्हीच."

मास्तरांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"सकाळी सहाला सही करून घरी यायचो," ते म्हणाले. "दर दोन तासांनी तिला कुशीवर वळवावं लागायचं. रजा टाकली असती तर जागा गेली असती. खातं हिनेच चालवलं. दाखल्यावर सही केली ती मनापासून केली. पण फोनवर त्यांनी विचारलं, मग तेव्हा तुम्ही कुठे होता? तोंडातून निघून गेलं, कामावर. एकदा खोटं बोललो. हिचा दावा खरा ठरला तर माझ्या सह्या उघड्या पडल्या असत्या, म्हणून पत्र घातलं."

"आणि ही बुडाली असती," वहिनी म्हणाल्या.

"हो."

"मला ठाऊक होतं ते कुठे असायचे," बाई हळूच म्हणाल्या. "म्हणून सकाळी बोलले नाही. उद्याही बोलणार नाही. अर्जात चूक झाली म्हणून सांगेन."

"मग नोकरी गेली," चाळणीराव म्हणाले.

"गेली तर गेली. मास्तरांची बदनामी करून मला नको."

"थांब," मास्तर म्हणाले. "माझी बदनामी तू कशाला करतेस? मी करतो. कागद द्या."

त्यांनी सावकाश लिहिलं. चौदा महिने मी गैरहजर होतो, हजेरीवरच्या सह्या खोट्या आहेत, रंगखातं या बाईंनी एकटीने सांभाळलं, निनावी पत्र माझंच. मग वाचून दाखवलं. "'आजारपणामुळे गैरहजर' असं घातलंय."

"पत्नीच्या आजारपणामुळे, असं लिहा," बाई म्हणाल्या. "नाहीतर तुम्हीच आजारी होता असं वाटेल."

मास्तरांनी ओळीच्या वर तो शब्द बसवला आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी अकराला बाई आत गेल्या. मास्तर बाहेर बाकावर बसले होते, चौकशीला बोलावलं तर असावं म्हणून. चाळणीराव आणि साडू समोर उभे होते. पाऊण तास गेला. मास्तरांना कुणी बोलावलं नाही.

बाई बाहेर आल्या.

"काय विचारलं?" साडूंनी घाईने विचारलं.

"कागद वाचला. मग म्हणाले, मास्तर नसताना पहिली मोठी चूक कोणती केलीत? मी सांगितली. हिरव्या रंगाचा अख्खा घाणा वाया घालवला होता."

"अरे देवा! हे कशाला सांगितलंत?"

"त्यांनी विचारलं, पुढे काय केलंत? तेही सांगितलं. मग तासभर रंगांवरच बोलत होते, असं वाटलं मला."

"पाऊण तास," चाळणीराव म्हणाले.

मास्तर उठून उभे राहिले. विचारायचं धाडस त्यांचं होत नव्हतं. बाई त्यांच्याजवळ गेल्या.

"एक तारखेपासून," त्या म्हणाल्या. "पहिली पाळी, सातला."