काकांचा रकाना

चार वाजायला आले होते. ताई वीजकेंद्राच्या कंट्रोल रूममध्ये चहा घेऊन बसली होती, पण सगळा जीव फोनमध्ये. धाकटी बहीण हॉस्पिटलात ऑपरेशन टेबलावर होती; बाळ आडवं आलं होतं. आणि नेमका याच आठवड्यात हॉस्पिटलचा जनरेटर दुरुस्तीला गेलेला. म्हणजे बहिणीच्या डोक्यावरचा दिवा शहराच्या वीजजाळ्याच्या, ग्रिडच्या भरवशावर, आणि ग्रिड ताईच्या.

तसं काळजीचं कारण नव्हतं. ग्रिड किती स्थिर आहे ते सांगणारं मशीन लर्निंगचं मॉडेल तिनंच तयार केलेलं. वीस वर्षांच्या नोंदी शिकवल्या तरी ते आधी धड चालेना. मग तिला काकांचा रकाना आठवला. काका म्हणजे इथले जुने ऑपरेटर. दर तासाला ट्रान्सफॉर्मरच्या कुंपणाशी जायचे, डोळे मिटून त्याची गुणगुण ऐकायचे आणि रजिस्टरात एकच शब्द लिहायचे: 'हलकं' किंवा 'जड'. सगळे त्यांची टिंगल करायचे. ताईनं गुपचूप तो रकाना मॉडेलला दिला, आणि पठ्ठ्या असा काही सुधारला की साहेबांची बोलती बंद झाली.

काका गेले त्याला सहा महिने झाले होते. रकाना रिकामा राहू नये म्हणून दर तासाला आपोआप 'हलकं' भरलं जाईल, अशी सोय ताईनं करून ठेवली होती.

चारच्या ठोक्याला बामाचा वास आला. काका गुडघ्याला चोळायचे, तोच. ताईनं मागे पाहिलं. त्यांची खुर्ची रिकामी होती. पडद्यावर मात्र स्थिरतेचा आकडा चौऱ्याण्णववरून एकतीसवर आला होता. रकान्यात लिहिलं होतं: जड.

तिनं ते खोडून 'हलकं' केलं. तिच्या डोळ्यांदेखत ते पुन्हा 'जड' झालं.

"साहेब... जरा इकडे या."

साहेबांनी येऊन सगळे काटे पाहिले. "सगळं व्यवस्थित आहे की. तुझ्या मॉडेलला ऊन लागलंय."

"मला कारखान्यांना वीज नेणारे तीन फीडर बंद करायचेत. आत्ता."

"काटे ठीक असताना? वर काय उत्तर देऊ मी?"

"माझं नाव सांगा."

चुकलं असतं तर नोकरी गेली असती. तरी तिनं तिन्ही फीडर बंद केले.

दीड मिनिटानं शहराला वीज आणणारी मोठी वाहिनी ट्रिप होऊन बंद पडली. दिवे मंदावले, फ्रिक्वेन्सीचा काटा घसरला... घसरतच राहिला... आणि थांबला. भार आधीच कमी केला नसता तर पाठोपाठ सगळ्या शहराची वीज गेली असती.

साडेचारला मेहुण्यांचा फोन आला. आवाज रडवेला होता. "मुलगी झाली, ताई. दोघी सुखरूप आहेत. मध्येच दिवा जरा लुकलुकला, पण गेला नाही."

ताईला भरून आलं. तिनं नवा चहा आणून काकांच्या खुर्चीपुढे ठेवला. "काका, तुमचे उपकार कुठे फेडू," एवढंच म्हणाली. साहेबांनीही कधी नव्हे ते थट्टा केली नाही.

मग आपोआप भरण्याच्या सोयीत काय बिघडलं ते पाहायला ती बसली. ती सोय कधी चालूच झाली नव्हती. सहा महिन्यांपूर्वी डोळे पुसत पुसत काम करताना शेवटचं बटण दाबायचंच ती विसरली होती. मग रोजचे चोवीस 'हलकं' कोण भरत होतं... प्रत्येक नोंदीपुढे काकांचा ऑपरेटर नंबर होता. चार हजारांहून जास्त नोंदी, आणि एकही तास चुकलेला नाही.

भीती वाटली, नाही असं नाही. पण त्याहून जास्त माया वाटली. पाच वाजायला आले तशी ती हात मांडीवर ठेवून वाट पाहत राहिली. बामाचा वास आला. रकाना भरला: हलकं.

ताईनं सुस्कारा सोडला. भाचीला बघायला उद्याची रजा मंजूर होती. ती पर्स उचलून निघाली, तेवढ्यात वीस वर्षांत कधी एका शब्दापुढे न गेलेल्या त्या रकान्यात आणखी अक्षरं उमटू लागली.

'उद्या रजा नको.'

ताईनं पर्स खाली ठेवली.

"बरं, काका..."