नव्वद टक्क्यांचा फॉर्म

माझं काम मोजायचं. कोणाचे पेपर किती, इतरांनी त्यांचे संदर्भ किती वेळा दिले, कोणाबरोबर काम केलं, ते ग्रंथालयातून निवड समितीला कळवायचं. या खेपेला फाइल कॉम्प्युटर सायन्सच्या मॅडमची होती, म्हणजे माझ्या नणंदेची, ताईंची. वीस वर्षं राबूनही प्राध्यापकपद हुकलेलं, आणि वयाच्या अटीमुळे ही शेवटची संधी. म्हणून मी डोळ्यांत तेल घालून बसले होते.

त्यात आमची एक खास कटकट. प्रत्येक पेपरमागे एक फॉर्म, त्यावर कोणाचा वाटा किती टक्के ते लिहून सगळ्या लेखकांनी सह्या करायच्या. संदर्भही त्याच हिशोबाने वाटले जातात. अकरा पेपर, अकरा फॉर्म आणि एकूणएकावर बेरीज नव्वद!

एवढी शिकलेली माणसं, यांना शंभर करता येऊ नयेत? मी वैतागून एका सहलेखकाला फोन लावला.

“बरोबर आहे की,” तो म्हणाला. “दहा टक्के त्याचे.”

“अहो, कोणाचे?”

“तो... मागे बसायचा ना.” मग घाईने म्हणाला, “नाव तुमच्याकडे असेलच.”

दुसरीने अगदी हेच सांगितलं. तिसऱ्याने फोनच ठेवला. अकराही पेपर चाळले, कुठे जास्तीचं नाव नाही. शेवटी ताईंची खोली गाठली.

“त्याला वगळू का मी आता?” त्या माझ्यावरच उखडल्या. “बरं दिसतं का ते?”

“पण तो म्हणजे कोण, ताई?”

त्या चष्मा पुसत बसल्या.

पाचला फाइल बंद होणार होती. बेरीज चुकली की फाइल बाद. डोकं नुसतं भणभणत होतं. मी काय केलं, तर प्रत्येक फॉर्ममध्ये एक ओळ वाढवली. नाव कोरं, वाटा दहा. सिस्टीमने मुकाट्याने घेतलं.

ताईंचे संदर्भ दाखवत होते दोनशे बारा. खात्रीसाठी पुन्हा मोजले.

एकशे चाळीस.

पुन्हा मोजले. एकसष्ट. कोऱ्या ओळीपुढचा आकडा वाढला होता.

ती ओळ पुसायला गेले, पुसेना. पाच वाजले आणि फाइल आपोआप गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी नेमणुकीचं पत्र आलं. नावाची जागा कोरी. खाली समितीतल्या सातही जणांच्या सह्या. मी अध्यक्षांना फोन केला, तर ते म्हणाले, “योग्य माणूस निवडला. आकडे तुमचेच होते.”

मीच घात केला होता ताईंचा. मी धावत त्यांच्या खोलीकडे गेले.

त्या दाराबाहेर उभ्या होत्या, पुस्तकांचं खोकं छातीशी धरून. आत टेबलामागची खुर्ची रिकामी होती.

“ताई, माझं चुकलं हो!”

“हळू बोल,” त्या कुजबुजल्या. “तो लिहितोय.”