काचेवरचे पंख

"मुनीम उद्या गोदामात जाणार म्हणजे जाणार!" मामांनी फर्मान सोडले आणि पायजम्याच्या नाडीला गाठ मारावी तशी त्या विषयाला गाठ मारली.

मुनीम म्हणजे मामीचा गलेलठ्ठ बोका. त्याच्यावर आरोप मात्र खुनाचा होता!

मामा घरांची सजावट करत. सुट्टीत भाचरे आली तेव्हा त्यांनी स्वतःचा दिवाणखानाच नमुना म्हणून सजवला होता, आणि तोही पक्ष्यांवरून. सुगरणीच्या खोप्यासारखे विणलेले दिवे, खंड्याच्या पाठीसारखी निळी भिंत आणि बागेच्या बाजूला भिंतभर नवी कोरी काच. उद्या संध्याकाळी वाचनालयाच्या संचालिकाबाई तिथल्या सजावटीसाठी हा नमुना पाहायला येणार होत्या. पण काच बसल्यापासून रोज सकाळी तिच्याखाली एखादा पक्षी निपचित पडलेला सापडत होता.

"मुनीमनं मारला असता, तर पिसं नसती का विखुरली?" भिंगरी म्हणाली. ही भाचरांत थोरली, सतत गरगरणारी.

"आणि अंगावर एक ओरखडा नाही!" तिचा भाऊ मोजपट्टी म्हणाला. जे दिसेल ते मोजण्याची त्याला खोड होती.

"शिवाय उडी मारायची म्हटलं, तर मुनीमला शिडी लागेल," धाकटे शेंडेफळ म्हणाले.

तिघेही खो खो हसली. पण हसून बोका वाचणार नव्हता. विचार करता करता भिंगरी एकदम थांबली. "मामा रोज उठल्याबरोबर काय करतात?"

"काच पुसतात! 'काच अशी हवी, की दिसताच कामा नये!'" शेंडेफळाने मामांची हुबेहूब नक्कल केली.

"म्हणजे पुरावा असलाच, तर मामा तोच पुसून टाकतात!"

बेत ठरला. सकाळी मामांचे पुसायचे फडके जागेवर नव्हते. ते शेंडेफळाच्या सदऱ्याखाली होते, त्यामुळे त्याचे पोट मुनीमसारखे दिसत होते. मामा घरभर शोधत असतानाच बाहेर आवाज झाला.

थड्!

"बघा! त्या बोक्यानं पुन्हा..." मामा धावत बागेत आले.

"मुनीम माझ्या मांडीवर आहे, मामा!" दिवाणखान्याच्या दारातून भिंगरी ओरडली. मुनीमने जांभई देऊन साक्ष दिली.

काचेखाली एक बुलबुल डोळे मिटून पडला होता. मामीने त्याला अलगद उचलून भोके पाडलेल्या खोक्यात ठेवले आणि खोके सावलीत नेले. तेवढ्यात मोजपट्टी किंचाळला, "काचेकडे बघा!"

काचेवर पिसांवरच्या बारीक भुकटीचा ठसा उमटला होता. पसरलेले दोन पंख आणि पिसान्‌पीस स्पष्ट! ठशामागे, काचेत, बागेतली झाडे आणि आभाळ जसेच्या तसे दिसत होते.

"त्याला वाटलं, पलीकडेही बागच आहे," भिंगरी हळूच म्हणाली.

मामा मटकन पायरीवर बसले. "पाखरांवरून घर सजवलं, आणि पाखरांनाच विचारलं नाही! आता काच काढायची म्हणजे सगळंच मुसळ केरात."

"काढायची कशाला? मोठा गरुड चिकटवू!" शेंडेफळ म्हणाले.

"बाकीचे त्याच्या बाजूनं घुसतील की, शहाण्या! काच सगळीकडे दिसायला हवी. दोन खुणांमध्ये तीन बोटांहून जास्त फट नको," मोजपट्टीने बोटे धरून दाखवली. "आणि खुणा बाहेरून. आतून केल्या तर त्या झाडांच्या प्रतिबिंबात बुडतील."

"खुणा कसल्या करायच्या?" मामांनी विचारले.

भिंगरीने काचेवरच्या ठशाकडे बोट दाखवले.

मामीने ठसा कागदावर उतरवून घेतला, मोजपट्टीने लहान करून त्याचा साचा कापला आणि सगळे पांढरा रंग घेऊन कामाला लागले. दुपारी खोके उघडले, तर बुलबुल भुर्रकन उडाला! शेंडेफळाच्या नाकाला मात्र रंग लागला तो लागलाच.

संध्याकाळी संचालिकाबाई काचेपुढे थबकल्या. पांढऱ्या पंखांची दाट रांगोळी मावळत्या उन्हात चमकत होती. एवढ्यात एक बुलबुल सरळ काचेच्या रोखाने आला. ऐन वेळी तो वळला आणि चौकटीवर टेकला.

"वाचनालयाच्या खिडक्यांना हेच पंख हवेत," बाई म्हणाल्या. "ही कल्पना कोणाची?"

"माझ्या गुरुजनांची!" मामांनी तिघांना पुढे ढकलले. "आणि हे आमचे मुनीम. निर्दोष सुटले आहेत."

शेंडेफळाने सदऱ्याखालून फडके काढून मामांच्या हाती दिले. मामांनी त्याच फडक्याने आधी त्याचे नाक पुसले.